अण्णांच्या तबकड्यांसाठी

चि. सोनूस,


अण्णांच्या तबकड्या ताईने तुझ्या हवाली केल्या, फार बरं झालं. तू कळवलेले दोन्ही टर्नटेबल पाहिले. त्यातला स्वस्त, एटी-एलपी६०एक्स, घेऊ नकोस. त्याचं कार्ट्रिज आर्मलाच जडवलेलं असतं. बदलते ती फक्त सुई. सुईचा भार आपल्याला कमी-जास्त करता येत नाही आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांचा वेगही नाही. अण्णांच्या पेटीतले अब्दुल करीम खाँ, हिराबाई, बालगंधर्व सगळे ७८ वरच आहेत! थोडे पैसे साठव आणि एटी-एलपी१२०एक्स घे. ७८ धरून तिन्ही वेग आहेत, हेडशेल निघतं, भार ठरवता येतो. आतला प्री-ॲम्प एका बटणाने वगळता येतो, म्हणजे पुढे बाहेरचा चांगला घेतलास तर हेच यंत्र चालेल.

कार्ट्रिज मात्र सोबत येतं तेच, व्हीएम९५ई, राहू दे. तुझ्या मित्राने सुचवलेलं ऑर्टोफॉनचं टूएम रेड उत्तम आहे, पण त्यावर पुढे त्याच मालिकेतल्या ब्लूपर्यंतचीच सुई चढवता येते. ब्राँझ आणि ब्लॅक यांची बॉडीच वेगळी. व्हीएम९५ मध्ये साध्या गोल टोकापासून शिबाटापर्यंत सगळ्या सुया एकाच बॉडीवर बसतात. ७८ साठीची एसपी सुईसुद्धा.

ती एसपी सुई पहिल्याच महिन्यात घे. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ३ मिलचं टोक लागतं. एलपीची सुई एक मिलच्याही आत. बारीक सुई त्या खाचेत तळाशी जाऊन बसते आणि गाण्याऐवजी साठलेली धूळ आणि खरखर वाचत राहते. उलट जाड सुई एलपीवर चुकूनही ठेवू नकोस. भारही वेगळा: ई ला २ ग्रॅम, एसपी ला ५. छोटा डिजिटल वजनकाटा घे आणि सुई बदलली की दर वेळी मोजत जा.

पुढची पायरी व्हीएम९५ च्याच एमएल (मायक्रोलिनियर) सुईची, आणि ती का हे नीट सांगतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण सुईखालून सरकणारी खाच काठाशी सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर धावते आणि लेबलजवळ २१ च्या आसपास. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत दाटीने कोरलेला असतो. आणि आपल्या ख्यालगायनात त्या जागी काय येतं? विलंबित बाहेरच्या मोकळ्या खाचांत होऊन गेलेलं असतं. द्रुत आणि ताना नेमक्या आतल्या अडचणीत. साधी सुई तिथे तानेचे दाणे एकमेकांत मिसळते, 'स' फाटल्यासारखा येतो. एमएलचं टोक इतकं अरुंद असतं की त्या बारीक वळणांत ते शिरतं. भीमसेनांची एखादी बाजू शेवटपर्यंत ऐक, मग त्या सुईची किंमत जड वाटणार नाही.

मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजचा विचार सध्या नको. त्याचा सिग्नल साधारण दहापट क्षीण, वेगळा प्री-ॲम्प लागतो आणि झिजलेली सुई हाताने काढून बदलता येत नाही.

उद्या दुसरं हेडशेल घेऊन त्यात कार्ट्रिज बसवशील तेव्हा चार तारा दिसतील. पांढरी डाव्याची, लाल उजव्याची; निळी आणि हिरवी अनुक्रमे त्यांच्या परतीच्या. चिमट्याने तारेच्या टोकाची टोपी धर, तार ओढू नकोस. सुई काढून ठेवूनच हे काम कर.

आणि ७८ च्या तबकड्या पुसायला स्पिरिट किंवा अल्कोहोलचं कुठलंही द्रावण वापरू नकोस. त्या लाखेच्या आहेत, लाख त्यात विरघळते. मऊ कोरडा ब्रश पुरे. एलपी पुसायच्या द्रावणाची बाटली वेगळ्या कपाटात ठेव.

ताईला नमस्कार.

तुझा,
मामा