टिकलीचं पोट का फुगलं?

माझ्या दवाखान्यात माणसं येतात, कोंबड्या येत नाहीत. त्यामुळे "डॉक्टर, घरी जाताना पाच मिनिटं येऊन टिकलीला बघाल का?" असा काकूंचा फोन आला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. पशुवैद्याचं काम पशुवैद्यानेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यावर काकू म्हणाल्या, "तिचं पोट अगदी ह्यांच्यासारखं झालंय हो." मग मात्र जावं लागलं.

काकू माझ्या जुन्या पेशंट. वय ७२, मधुमेह बरीच वर्षं. कोथरूडमध्ये आता मोजकेच बंगले उरले आहेत, त्यातल्या एकात त्या एकट्या राहतात. काका गेले यकृताच्या आजाराने. शेवटचे काही महिने त्यांच्या पोटात पाणी साठायचं, ते सुईने काढायचं, पंधरा दिवसांनी पुन्हा भरायचं. काका गेल्यानंतर काकूंनी मागच्या अंगणात तीन कोंबड्या पाळल्या. कपाळावर ठिपका असलेली ती टिकली. चार वर्षांची, तपकिरी, ऱ्होड आयलंड रेड जातीची. (सोसायटीतल्या एका गृहस्थांनी कोंबड्यांविरुद्ध तक्रारही केली होती. पण आरवतो तो कोंबडा आणि काकूंकडे कोंबडा नाही, एवढ्यावर ते प्रकरण मिटलं.)

टिकली खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुगवून उभी होती. शेपटी खाली, पाय फाकलेले, पेंग्विनसारखी ताठ. महिनाभर अंडं नव्हतं. छातीचं हाड हाताला टोचत होतं, म्हणजे मांस झडलेलं, आणि त्याखाली पोट मात्र पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं. वैद्यकशास्त्रात आम्ही ह्याला जलोदर म्हणतो.

पक्षी आजार लपवतात. अशक्त दिसणारा पक्षी आधी शिकाऱ्याच्या तावडीत सापडतो, त्यामुळे कोंबडी अगदी नाइलाज झाल्याशिवाय आजारी दिसत नाही. आपल्याला ती 'कालपासून' आजारी वाटते, तेव्हा बहुधा काही आठवडे उलटलेले असतात.

काकूंच्या हातात गोळ्यांची पट्टी होती. मागच्या वर्षी दाताच्या दुखण्यासाठी दिलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्या होत्या. "ह्यातली पाव देऊ का?" मी पट्टी खिशात टाकली. आजार जंतूंचा आहे की नाही हेच माहीत नसताना अँटिबायोटिक देणं माणसातही चूक आणि कोंबडीतही. शिवाय कोंबडीला दिलेलं औषध अंड्यात उतरतं. औषध बंद केल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे पशुवैद्यच सांगू शकतो.

शेजाऱ्यांचा प्रश्न वेगळा होता: "बर्ड फ्लू तर नाही?" भीती अगदीच निराधार नाही. भारतात कोंबड्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात पुन्हा. पण तो आजार असा महिनाभर रेंगाळत नाही. एक-दोन दिवसांत एकामागून एक पक्षी मरतात, तुरा निळा-जांभळा पडतो. तसं काही दिसलं तर मेलेल्या पक्ष्याला हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. इथे एकच कोंबडी आजारी होती आणि बाकीच्या दोघी मजेत माती उकरत होत्या.

दुसऱ्या दिवशी काकूंचा भाचा टिकलीला पशुवैद्याकडे घेऊन गेला. पहिल्या दोन ठिकाणी "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" असं उत्तर मिळालं. तिसऱ्या ठिकाणी पक्ष्यांचा अनुभव असलेले डॉक्टर भेटले. त्यांनी सोनोग्राफी केली, थोडं पाणी काढलं आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा दाट संशय असल्याचं सांगितलं.

काकूंना ते पटेना. "कोंबडीला कसला आलाय कॅन्सर? ती काय तंबाखू खाते?"

खरं तर बीजकोशाचा कॅन्सर आपणहून, सहजपणे होणाऱ्या फार थोड्या प्राण्यांपैकी कोंबडी एक आहे. म्हणून तर ह्या रोगावर संशोधन करणारे लोक कोंबड्या पाळतात. कारण समजून घेण्यासारखं आहे. कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे रानकोंबडी. ती वर्षाला साधारण दहा-पंधरा अंडी घालते, ती उबवते, पिल्लं वाढवते. आपण निवड करत करत वर्षाला २५०-३०० अंडी देणारी कोंबडी तयार केली. प्रत्येक अंड्यासाठी बीजकोशाचं आवरण फाटतं आणि पुन्हा भरून येतं. बाईच्या आयुष्यात बीज बाहेर पडण्याची ही क्रिया साधारण ४०० वेळा होते. चांगली अंडी देणारी कोंबडी तो आकडा दोन वर्षांच्या आत गाठते. जखम होणं, पेशींनी ती भरणं, पुन्हा जखम. जितक्या वेळा पेशी विभागतात तितकी चूक होण्याची संधी वाढते. इजिप्तचे डॉक्टर महमूद फथल्ला यांनी १९७१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हाच विचार माणसांबाबत मांडला होता. गरोदरपण, स्तनपान आणि गर्भनिरोधक गोळ्या ह्या काळात बीज बाहेर पडणं थांबतं, आणि अशा स्त्रियांमध्ये ह्या कॅन्सरचं प्रमाण कमी दिसतं. हे एकच कारण नाही. आनुवंशिक दोष, वाढतं वय हेही आहेच. पण टिकलीच्या बाबतीत तेवढं पुरेसं होतं.

जाता जाता: जवस खाऊ घातलेल्या कोंबड्यांमध्ये ह्या रोगाची तीव्रता कमी आढळल्याचे प्रयोग झाले आहेत. जवसाची चटणी जरूर खा, चांगलीच असते. पण तिने कॅन्सर टळतो असा निरोप कृपया ग्रुपवर फिरवू नका.

काकूंनी मला विचारलं, "मग पाणी काढत राहायचं का?"

हा प्रश्न त्यांनी काकांच्या वेळीही विचारला होता. माणसाच्या छाती-पोटामध्ये श्वासपटलाचा पडदा असतो. कोंबडीला तो नसतो. तिच्या छातीत आणि पोटात हवेच्या पिशव्या असतात आणि छातीचं हाड खालीवर झालं की श्वास चालतो. पोटात पाणी भरलं की ह्या पिशव्या दबतात आणि ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. म्हणून पाणी काढल्यावर तिला लगेच बरं वाटतं. पण गाठ जागेवरच असते, पाणी पुन्हा भरतं आणि दर वेळी अंगातली प्रथिनं घेऊन जातं. पशुवैद्यांनी हेच सांगितलं: बरी होणार नाही, त्रास कमी करता येईल.

मग काकूंनी तिची शुश्रूषा केली ती पाहण्यासारखी होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी साडी, एका बाजूला बल्ब, म्हणजे ऊब हवी तर जवळ जाता येईल आणि नको तर लांब. बाकीच्या दोघी टोचतील म्हणून वेगळी, पण त्या दिसतील अशी. भिजवलेली बाजरी, ज्वारीचा मऊ भात. पाणी चमच्याने चोचीच्या कडेला, थेंब थेंब, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागेच असतं आणि घाईने ओतलं तर पाणी फुप्फुसात जातं. उचलताना छाती आवळायची नाही, उताणी करायची नाही. वेदनाशामक पशुवैद्यांनी मोजून दिलेलं.

माझी भर एवढीच: दर वेळी साबणाने हात धुवा, खुराड्याच्या चपला वेगळ्या ठेवा, खोकं स्वयंपाकघरात नको आणि भाच्याच्या तीन वर्षांच्या मुलीने टिकलीची पापी घ्यायची नाही. निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर असू शकतात. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता भागात जीबीएसची साथ आली, तेव्हा काही पेशंटच्या नमुन्यांत हाच कॅम्पायलोबॅक्टर सापडला होता. मधुमेही व्यक्तीने आणि लहान मुलांनी जास्त जपायला हवं.

दोन आठवडे बरे गेले. टिकली सकाळी उन्हात बसायची. नंतर तिने बाजरीकडे पाहणं सोडलं आणि पाणी तीन दिवसांत पुन्हा भरू लागलं. एका संध्याकाळी काकू म्हणाल्या, "ह्यांच्या वेळी मी प्रत्येक वेळी 'काढा' म्हणाले. ते काही बोलायचे नाहीत. हिच्या वेळी नको."

काकांच्या वेळी त्यांना दुसरा रस्ता कोणी नीट समजावलाच नव्हता. असाध्य आजारात त्रास कमी करण्याचं वेगळं शास्त्र आहे, त्याला उपशामक उपचार म्हणतात. आपल्या शेजारीच वारज्याला सिप्लाचं उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या पेशंटसाठी विनामूल्य काम करतं. अजूनही अनेक कुटुंबं तिथे फार उशिरा पोहोचतात, 'तिकडे गेलं म्हणजे हरलो' ह्या समजुतीने. मला ही समजूत अत्यंत क्रूर वाटते.

पशुवैद्यांनी घरी येऊन भुलीचं इंजेक्शन दिलं, नंतर शेवटचं. टिकली काकूंच्या मांडीवरच होती. काकूंच्या परवानगीने पशुवैद्यांनी पोट उघडून पाहिलं. डाव्या बाजूला, कोंबडीला कामाचा बीजकोश तेवढाच असतो, फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या गाठी होत्या आणि आतड्यांवरही पसरल्या होत्या. आंब्याखाली खोल खड्डा घेऊन, चुना टाकून तिला पुरलं.

चार दिवसांनी काकू दवाखान्यात आल्या, सोबत त्यांच्या नणंदबाई, वय ६४. "डॉक्टर, तुम्ही टिकलीचं सांगितलंत ना, तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. वन्सं दोन महिने म्हणतायत पोट फुगतं, दोन घास खाल्ले की भरतं. सगळे गॅसच्या गोळ्या देतायत."

वाचकहो, ह्या तक्रारी लक्षात ठेवा: पोट फुगलेलं राहणं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं. पण पन्नाशीनंतर ह्या तक्रारी नव्याने सुरू झाल्या आणि दोन-तीन आठवडे जवळपास रोज राहिल्या, तर गॅसच्या गोळ्यांवर दिवस काढू नका. डॉक्टरांकडून तपासणी, ओटीपोटाची सोनोग्राफी आणि गरज असेल तर सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्या. पॅप तपासणी गर्भाशयाच्या मुखासाठी असते, तिच्यात बीजकोशाचा कॅन्सर कळत नाही.

नणंदबाईंना मी तपासलं. त्यांची सोनोग्राफी गुरुवारी सकाळी आहे, काकू सोबत जाणार आहेत.