खारे पाणी पिणारा पाहुणा

माझे बालपण नांदेडला गोदावरीच्या घाटावर गेले आणि पुढे नोकरीने लातूरकर केले. पाण्यावरचा पक्षी म्हटला की डोळ्यांपुढे यायचा तो गोदेवरचा नदी सुरय, पिवळ्या चोचीचा अन् करड्या पंखांचा. समुद्र मात्र पन्नाशी उलटेपर्यंत पाहिला नव्हता!

गेल्या वर्षी गणपती उठल्यावर आम्ही उभयता मालवणला गेलो. एका भल्या तांडेलाने आम्हांला आपल्या होडीत घेतले. किनारा दिसेनासा झाला, जाळे वर आले, मासळीची घाण पाण्यात पडली आणि कोठून कोण जाणे, आठदहा काळी पाखरे हजर झाली! चिमणीहून जराशी मोठी. शेपटीच्या बुडाशी पांढराशुभ्र पट्टा. पंख उभारून, काटकुळे पाय लाटेवर टपटप आपटीत ती चक्क पाण्यावर चालत होती.

"अगंबाई, बुडत कशी नाहीत ही?" आमची ही म्हणाली.

घरी आल्यावर पुस्तके धुंडाळली. हा विल्सनचा स्टॉर्म पेट्रेल. वजन जेमतेम 40 ग्रॅम! वीण अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर आणि त्याच बाजूच्या बेटांवर, खडकाच्या कपारीत. अंडे एकच, आणि शत्रूच्या भयाने घरट्यात ये-जा करायची ती रात्री. तिकडे हिवाळा आला की हा उत्तरेची वाट धरतो आणि आपल्या पावसाळ्यात अरबी समुद्रावर दिसतो. भक्ष्य हुडकतो तो वासावरून.

पण वाचकहो, मी थक्क झालो ते पुढेच. वीण संपली की हा महिनोन्महिने जमिनीला पाय लावीत नाही. मग पितो काय? समुद्राचेच पाणी! डोळ्यांवरच्या ग्रंथी रक्तातले जास्तीचे मीठ वेगळे काढतात आणि ते खारे थेंब चोचीवरच्या नळीतून गळून जातात.

पुस्तक मिटले आणि 2016 साल आठवले. त्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, 10 वाघिणी, 5 लाख लिटर! वऱ्हाड पाहायला जावे तसे लोक स्टेशनावर ती पाहायला गेले होते.

हिला सारे वाचून दाखवले. ती म्हणाली, "देवाने आपल्या नाकाला अशी नळी दिली असती तर?"

"तरी लातूरला समुद्र कोठला?" मी म्हणालो.

ती हसली, उठली आणि भाजी धुतलेले पाणी तुळशीला घालून आली.