पुण्याच्या पाण्यामागोमाग
(प्रवासाची दैनंदिनी : भाग पहिला)

शुक्रवार, पुणे

सहामाहीचा शेवटचा पेपर देऊन माझा भाचा आदू घरी आला तो स्केटबोर्ड काखेत मारूनच. माझा बेत मुळशीच्या पाण्यामागोमाग घाट उतरून समुद्रापर्यंत जायचा होता. नववीतल्या भाच्याची अट एकच, सुरुवात काँक्रीटपासून. "मावशी, लाट कळायला हवी असेल तर आधी ड्रॉप-इन बघ."

वाघोलीच्या बाजूला एका छोट्या स्केटपार्कात गेलो. दोन-तीन रॅम्प, मध्ये सपाट जागा, एक लोखंडी दांडी आणि गुडघे सोललेली बरीच मुलं. ड्रॉप-इन म्हणजे बोर्डची शेपटी मागच्या पायाने रॅम्पच्या कडेवर दाबून धरायची, पुढची चाकं हवेत ठेवायची आणि मग सगळा भार पुढच्या पायावर टाकून खाली सुटायचं. भीतीने अंग मागे घेतलं की बोर्ड एकटाच पुढे निसटतो आणि स्वार पाठीवर आपटतो. आदू दोनदा आपटला. आदूहून लहान दिसणारी एक मुलगी त्याला फर्मावत होती, "अरे, खाली वाक! मागे कशाला पळतोस?" मग ती स्वतः उतरली, समोरच्या रॅम्पवर चढली, हवेतच वळली आणि परत आली. सगळं घोटभर पाणी पिण्याइतक्या सहजतेने.

पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने 2022 मध्ये गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगचं सुवर्णपदक जिंकलं, हे इथल्या मुलांना पाढ्यासारखं पाठ आहे. त्याआधी वर्षभर टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग हे दोन्ही खेळ एकदमच दाखल झाले होते आणि स्ट्रीट प्रकारातलं महिलांचं सुवर्ण तेरा वर्षांच्या मोमिजी निशियाने नेलं होतं.

दोन्ही खेळ बरोबरीने यावेत हे रास्तच होतं. कॅलिफोर्नियात 1950च्या दशकात, समुद्र निजलेला असेल त्या दिवशी सर्फर फळीला चाकं लावून रस्त्यावर यायचे. पुढे 1970च्या दशकात युरेथेनची चाकं आली, ती डांबरावर पकड धरू लागली. मग 1976-77च्या दुष्काळात तिथले पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि पोरांना त्यांच्या गोलाकार भिंतींत लाटेचा उतार सापडला. आदूचा रॅम्प त्याच भिंतींच्या कुळातला. इथे लाटही हलत नाही आणि पाणी तर नाहीच. हलतो तो फक्त माणूस.

शनिवार, मुळशी

चांदणी चौक, पिरंगुट, पौड. पौडच्या पुढे गर्दी मागे पडते आणि थोड्या वेळाने उजवीकडे मुळशीचं पाणी दिसू लागतं. गाड्या थांबतात, कणीस भाजलं जातं, फोटो निघतात. आम्हीही कणीस घेतलं.

हे पाणी मुळेचं. त्याच्या स्वभावाने ते पूर्वेला पुण्यात यावं, मग भीमेला आणि कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जावं. पण टाटांच्या वीजयोजनेने त्याला पश्चिमेकडे वळवलं. सह्याद्रीच्या कड्यावरून सुमारे 500 मीटर खाली, रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला हे पाणी नळांतून उतरतं आणि जनित्रं फिरवतं. भिऱ्याचं वीजगृह 1927 मध्ये सुरू झालं. मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या यांना वीज हवी होती, आणि कड्याची उंची तर फुकटच मिळत होती.

फुकट मात्र काहीच मिळालं नव्हतं. मावळातली बावन्न गावं या योजनेच्या तडाख्यात सापडत होती, त्यांत पिकती भातखाचरं होती, देवळं होती. 16 एप्रिल 1921, रामनवमीच्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट इथेच 'सेनापती' झाले. पुण्यातले कार्यकर्ते आणि मावळे शेतकरी बांधकामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. पुढे चळवळीत फूट पडली, बापटांनी उग्र मार्ग धरला आणि दीर्घ शिक्षा भोगली. धरण झालंच.

आदू बराच वेळ पाण्याकडे बघत होता. "म्हणजे उद्या आपण ज्या पाण्यावर बसणार, ते हेच?" हेच. ताम्हिणी घाटात धबधबे आता बारीक झालेत, विळ्याच्या वळणावर हवा दमट झाली. उजवीकडे डोंगराच्या पोटात आमच्याआधीच ते पाणी खाली निघालं होतं.

रविवार, कोलाड

पावसाळा सरल्यावर कोकणातल्या नद्या सहसा खडकांत विरतात. कुंडलिका मात्र रोज सकाळी भरते, कारण भिऱ्याहून सुटलेलं पाणी पुढे रवाळज्याला अडवून तिथून पुन्हा वीज काढून सोडतात. जनित्रं चालली की नदी वाहते, थांबली की दगड उघडे. राफ्टिंगवाल्यांचं घड्याळ म्हणजे हीच वेळ. चहासुद्धा तिच्याच हिशोबाने.

साजे गावात हेल्मेट, लाइफ जॅकेट, वल्ही वाटली गेली. आमचा गाइड जवळच्याच गावचा. त्याने आधीच बजावलं, "मी 'फॉरवर्ड' म्हटलं की हात थांबवायचे नाहीत. लाट बघून वल्हं मांडीवर घेतलं तर ती आपल्याला आडवं करते." तोवर सुट्टीच्या गप्पा मारणारं आमचं राफ्ट पहिल्याच फेसाळ उतारावर मुकं झालं. समोर कमरेएवढी उंच पांढरी भिंत उभी. मागून आरोळी आली, सगळ्यांनी पुढे वाकून वल्हं घातलं, नाक आकाशाकडे, पोट कुठेतरी मागे राहिलेलं, तोंडात थंडगार मुळशी. मग खाली, आणि सगळे एकाच वेळी ओरडत. मी कुणाच्या अंगावर पडले ते अजून कळलेलं नाही.

पण दिवसाचा खरा खेळ राफ्टमध्ये नव्हता. सोबतीला असलेल्या एका कयाकवाल्याने होडीचं तोंड उलटं, प्रवाहाच्या वरच्या दिशेला केलं आणि लाटेच्या उतारावर जाऊन बसला. वल्हं जवळजवळ न हलवता. नदी त्याच्याखालून धावत होती आणि तो जागच्या जागी घसरत होता. खडकावरून वेगाने आलेलं पाणी खालच्या संथ, खोल पाण्याला भिडतं आणि तिथेच उंचावतं. पाणी पुढे जातं, लाट मात्र तिथेच उभी राहते. म्युनिक शहराच्या मधोमध आइसबाख नावाच्या ओढ्यावर बोर्डवाले 1970च्या दशकापासून हेच करू लागले.

"ड्रॉप-इनच आहे हा," आदू म्हणाला. "फक्त रॅम्प संपत नाही."

कामत गावाला उतरलो तेव्हा दंड भरून आले होते. जेवणात तांदळाची भाकरी आणि कोंबडी. आदूने पुन्हा पुन्हा मागून घेतली.

सोमवार, रेवदंडा

रोह्यापुढे कुंडलिका नदी राहत नाही, खाडी होते. साळावच्या पुलावरून ती रुंद आणि चिखलट दिसते. पलीकडे पोर्तुगीजांच्या तटबंदीतलं रेवदंडा. शेजारच्या चौलला अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी 1469च्या सुमारास उतरला आणि त्याने लिहिलेल्या प्रवासटिपणांमुळे त्याचं स्मारक इथे उभं आहे. दैनंदिनी लिहिणाऱ्याने तिथे थांबून दोन मिनिटं तरी अदब दाखवायला हवी. आम्ही दाखवली.

मग समुद्र. आदूने धावत जाऊन पाहिलं आणि तोंड पाडून परत आला. गुडघ्याएवढ्या लाटा, त्याही कंटाळल्यासारख्या.

त्यात समुद्राचा दोष नाही. खुल्या समुद्रात लाट चालते, पाणी साधारण तिथल्या तिथे वरखाली होतं. शेकडो मैलांवरच्या वाऱ्याने उठवलेली ही ताकद उथळ पाण्यात शिरली की तिचा पाय तळाला लागतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की माथा पुढे कोसळतो. सर्फरला हवी असते ती नेमकी कोसळण्याआधीची उभी बाजू. मुंबई-रायगडच्या समोर समुद्राचा उथळ तळ सुमारे 300 किलोमीटर पसरलेला आहे. इतक्या लांबच्या वाटेवर लाट बरंचसं बळ तळाशी घासून घालवते. पावसाळ्यात समुद्र उसळतो खरा, पण तो वाऱ्याने विस्कटलेला आणि जिवाला धोक्याचा असतो. त्या वेळी होड्याही किनाऱ्यावरच असतात.

म्हणून बोर्ड घेऊन आणखी दक्षिणेला जायचं. कर्नाटकात मुल्कीला जॅक हेबनर या अमेरिकन वैष्णव साधूने 2004 मध्ये मंत्र सर्फ क्लब सुरू केला. भारतातल्या सर्फिंगचा पाया ज्या थोड्या जागांनी घातला, त्यांतली ही एक. आणि कोकण रेल्वे सुरू होते तीच रोह्यापासून, मुल्कीही तिच्याच मार्गावर.

काँक्रीटवर माणूस हलला, नदीत पाणी हललं, आता हलती लाट बघायची राहिली. तिन्हींची मागणी मात्र एकच, भीती जिकडून येते तिकडेच भार टाक. आदूला हे तत्त्वज्ञान नको आहे. स्केटबोर्ड गाडीच्या डब्यात बर्थखाली ठेवायचा की उशाशी, यावर तो माझ्याशी भांडतो आहे. मी बर्थखाली म्हणते. तो उशाशीच ठेवणार.

(क्रमशः. पुढील भाग : मुल्की)