ओरत्तनाडूचा मुक्काम

सह्याद्रीत भ्रमंतीला निघणारा आज तंबू, शिधा, औषधे यांचे ओझे आधी जोखतो. तंजावरहून रामेश्वरास जाणाऱ्या यात्रिकाचे हे ओझे एके काळी वाटेवरची छत्रेच वाहत असत. १७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे किल्ला व त्याचा परिसर एवढेच राहिले. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला लिहिताना त्यांनी छत्रांची बाजू मांडली. तेथे वाटसरूस अन्न मिळे, आजाऱ्यास वैद्य मिळे, परक्यांच्या पोरक्या मुलांचा सांभाळ होई. पुढे ओरत्तनाडूस मुक्तांबाळच्या नावाने त्यांनी छत्र उभारले. राज्य गमावलेल्या राजाला अनोळखी पांथस्थाच्या रात्रीच्या मुक्कामाची काळजी होती. प्रवासाची आखणी एकट्या प्रवाशाने करावयाची नसते, हे त्या काळाने जाणले होते.