टाके निघाल्यानंतर

१८९८ साली व्हिएन्नामध्ये एर्न्स्ट वेर्टहाइम यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर जी विस्तृत शस्त्रक्रिया आरंभिली, तिच्या प्रारंभीच्या काळात रुग्ण मेजावरून जिवंत उठणे हीच मोठी गोष्ट मानली जाई. आज मृत्यू क्वचितच ओढवतो, आणि म्हणूनच, जी जगते तिच्या वाट्याला पुढे काय येते याची चौकशी करणे हा या विद्येचाच भाग आहे, अशी माझी धारणा दृढ होत गेली आहे.

या शस्त्रक्रियेत गर्भाशयाच्या धमनीखालून जाणारी मूत्रवाहिनी मोकळी करावी लागते. ती सोडवताना तिच्याभोवतीचे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे ओरबाडले गेले, तर त्या दिवशी काहीच दिसत नाही. टाके निघून बाई घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, लघवी योनीवाटे अहोरात्र झिरपू लागते, आणि ‘अंगावरून पाणी जातं’ एवढेच सांगून ती संकोचाने गप्प राहते. ते पाणी लघवीच आहे काय, याची शहानिशा त्याच दिवशी व्हावी, कारण विलंबाची किंमत कधी मूत्रपिंडाला मोजावी लागते.

मूत्राशयाची कथा अधिक सोशीक आहे. रोगाच्या भयाने ज्या ऊती आपण रुंद कापतो, त्यांतूनच त्याचे मज्जातंतू जातात. ते वेगळे ओळखून राखण्याची कला जपानी शल्यविशारदांनी परिश्रमाने घडविली. तंतू दुखावले तर लघवीची जाणीवच हरपते. अशा वेळी कॅथेटर काढण्याची घाई मला मान्य नाही: लघवी झाल्यावर मागे किती उरते ते मोजावे, १०० मिलिलिटरांहून अधिक उरल्यास आणखी काही दिवस धीर धरावा, आणि पुढे घड्याळ पाहून, जाणीव नसली तरी, तीन तासांनी जाण्याची सवय लावावी. मूत्राशयासोबत शय्यासुखाचाही प्रश्न असतो, पण त्याविषयी बाई आपण होऊन बोलत नाही. ते आपणच, एकांतात, विचारावे.

लसिकाग्रंथी काढल्यावर पायाची सूज मात्र काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, दाखल होते: जोडवी रुतू लागतात, पाय जड होतो, शेतात काटा रुतला की थंडीताप भरतो. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखविले की २ सेंटिमीटरांपर्यंतच्या, फार खोल न गेलेल्या गाठीस साधे गर्भाशय काढणे पुरते, आणि मूत्राशयाचे त्रासही घटतात. ग्रंथींचा प्रश्न तेथेही उरतोच. त्यामुळे अनवाणी फिरू नये, पाय लाल होताच त्याच दिवशी यावे, ही ताकीद मी प्रत्येकीच्या घरी जाण्याच्या कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत लिहितो, आणि सोबत आलेल्या माणसाकडून मोठ्याने वाचवून घेतो.