अब्बांची दुर्बीण

गेल्या वर्षी एकोणतिसाव्या रोज्याला मगरिबनंतर आम्ही सगळे गच्चीवर उभे होतो. मुलांनी "दिसला, दिसला!" म्हणून गलका केला. अब्बाही म्हणाले, "हां, दिसला," आणि दुआसाठी हात उचलले. खाली आल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "दादाजान तर पाण्याच्या टाकीकडे बघत होते. चांद तिकडे नव्हताच."

आम्ही दोघे ऐकून गप्प झालो. एके काळी मोहल्ल्यात चांद सर्वांत आधी अब्बांना दिसायचा आणि बाकीचे त्यांच्या बोटाच्या रोखाने बघायचे. आता दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झाली आहेत, दोन्हींचे नंबर वेगळे आहेत आणि हातही थरथरतो.

यंदा आठ हजारांपर्यंत दुर्बीण घ्यायचे ठरवले. दुकानात अब्बांना सोबत नेले, पण सांगितले मात्र "शाळेसाठी घ्यायची आहे."

काउंटरवर दोन दुर्बिणी आल्या. एक ८×४२, सात हजार आठशेची; दुसरी १०×५०, सात हजार दोनशेची. पहिला आकडा किती पट मोठे दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये. थोरला लगेच म्हणाला, "दहा पट, भिंगही मोठं, वर सहाशे रुपये कमी. विचार कसला करताय?"

आम्हालाही पटत होते. पण मास्तरकीची खोड, भागाकार करून पाहिला. पन्नासला दहाने भागले की पाच. बेचाळीसला आठने भागले की सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही रुंदी. म्हणजे मोठ्या भिंगाची सगळी मिळकत जास्तीच्या मोठेपणात खर्च झालेली! शिवाय तरुणपणी अंधारात डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, म्हातारपणी ती बऱ्याचदा पाचच्याही आतच राहते.

तेवढ्यात अब्बांनी दहाची दुर्बीण डोळ्याला लावली. समोरच्या इमारतीवरची पाटी त्यांना वाचता येईना. "नाचतेय," म्हणाले. दहा पट मोठे दिसते तेव्हा हाताचा कंपही दहा पट मोठा होतो, आणि ती दुर्बीण जडही होती. मग आठची घेतली, कोपरे काउंटरवर टेकवली. आम्ही उजव्या डोळ्याजवळचे कडे फिरवून नंबरातला फरक जुळवून दिला, चष्मा असल्यामुळे डोळ्याजवळची रबरी कडी खाली केली. अब्बांनी पाटी सावकाश, अक्षर अक्षर वाचली. फोन नंबरासकट.

मग दुर्बीण खाली ठेवून विचारले, "शाळेची दुर्बीण आहे, तर माझ्या चष्म्याला कशाला जुळवताय?"

थोरल्याचे म्हणणे चूक नव्हते. धुरकट क्षितिजावर बारीक कोर दहा पटीत जास्त ठसठशीत दिसते, आणि तिकाटण्यावर बसवली तर कंपाचा प्रश्नच नाही. पण अब्बांना तिकाटण्यापाशी वाकता येत नाही. आठच्या दुर्बिणीत आभाळाचा तुकडाही मोठा मावतो, त्यामुळे कोर शोधावी कमी लागते. सहाशे रुपये जास्त मोजले.

गवाहीत दुर्बिणीचा चांद धरायचा की नाही, ते उलेमांनी ठरवावे. आम्हाला फक्त अब्बांना दाखवायचा होता. घरात एकच कायदा केला: सूर्य पूर्ण बुडेपर्यंत दुर्बीण पिशवीतून काढायची नाही. सूर्याकडे क्षणभर जरी रोखली तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

यंदा एकोणतिसावा रोजा खजुराने सोडला, नमाज अदा केली आणि वर गेलो. अब्बा खुर्चीत बसले, कोपरे कठड्यावर. क्षितिजाजवळ धूळ होती, मुलांना काहीच दिसत नव्हते. अब्बा बराच वेळ डावीकडून उजवीकडे, मग थोडे वर, असे शेत नांगरल्यासारखे आभाळ बघत राहिले. आम्ही घड्याळाकडे बघत होतो.

मग दुर्बीण तशीच डोळ्याला ठेवून त्यांनी एक हात सोडला, बोट पुढे केले. "त्या माडाचा शेंडा बघा. त्याच्या वर चार बोटं, जरा डाव्या हाताला."

थोरला कठड्यावर वाकला. "कुठं, दादाजान?"

"अरे, माझ्या बोटाच्या रोखाने बघ ना."