गंगा : पाहा गोदावरी

पंचवटी, नाशिक
रविवार

ती. मामा,


परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पुस्तकाच्या शेवटी नावं आणि पानांचे आकडे लिहायला कॉलेज कशाला हवं?" तेव्हा शाळेत निघायची घाई होती, उत्तर राहून गेलं. चार महिने झाले, रात्री जेवणं आटोपली की मी ग्रंथालयशास्त्राच्या ऑनलाइन कोर्सला बसते. त्यातला निर्देशांकन (म्हणजे सूची करणं) आणि सारलेखन हा विषय मनात घर करून बसला आहे. का, ते आज सावकाश लिहिते.

समजा, जुन्या वर्तमानपत्रात मथळा आहे, 'दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी'. नाशिककराला पुढचं वाचायचीही गरज नाही. रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीवरूनच आपण पूर मोजतो. पण या मथळ्यात पूर हा शब्द नाही, गोदावरी नाही आणि नाशिकही नाही. मथळ्यातले शब्द उलटसुलट मांडून यंत्राकडून सूची करून घ्यायची पद्धत हान्स पीटर लून यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आणली. तिने काम झपाट्याने होतं. पण ही बातमी 'दुतोंड्या', 'मारुती' आणि 'पाणी' याच शब्दांखाली जाईल. १९६९ आणि २००८च्या पुरांची तुलना करणारा अभियंता 'पूर' शोधेल आणि रिकाम्या हाताने परतेल.

इथे रंगनाथन भेटतात. मुळात गणिताचे प्राध्यापक, १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. विषयाची साखळी उलगडायची आणि शोधणारा ज्या कडीपाशी येईल तिथून त्याला वाट द्यायची, ही त्यांची रीत. म्हणून आपल्या बातमीची एक नोंद 'पूर' खाली, एक 'गोदावरी' खाली, एक 'नाशिक' खाली. एवढ्याने भागत नाही. आपल्याकडे नदीला गोदावरी म्हणतं कोण? आपण 'गंगेवर' जातो, 'गंगेला पूर' येतो. म्हणून आणखी एक ओळ लिहायची, 'गंगा : पाहा गोदावरी'. ही ओळ मी पहिल्यांदा लिहिली, त्या रात्री मला हा विषय कळला. मामा, सूची करणं म्हणजे कधीही न भेटलेल्या वाचकाच्या तोंडचा शब्द ओळखणं.

मग जिथे तिथे तेच दिसू लागलं. शेतीच्या पुस्तकात द्राक्षावरच्या रोगाला 'केवडा' म्हटलेलं असतं, निफाडचा बागाईतदार मात्र 'डावणी' म्हणतो. बाहेरचा माणूस 'कुंभमेळा' शोधतो, आपण 'सिंहस्थ' म्हणतो. एका स्वाध्यायात मी कविता 'कुसुमाग्रज' खाली आणि नाटकं 'शिरवाडकर' खाली नोंदवली. कोर्सच्या बाईंनी विचारलं, "हे एकच गृहस्थ आहेत, हे परक्या वाचकाला कसं कळावं?" दोन्हींपैकी एक नाव पक्कं करायचं आणि दुसऱ्याखाली 'पाहा' लिहायचं. 'ज्ञ' हे अक्षर 'ज' मध्ये घ्यायचं की वर्णमालेच्या शेवटी, हेही एकदा ठरवलं की शेवटच्या नोंदीपर्यंत पाळायचं. आज मोबाइलवर शब्द टाकला की पानं सापडतात, हे खरं. पण यंत्र तुम्ही टाकलेल्या शब्दावरून अंदाज बांधतं, तुमच्या मनातला शब्द त्याला दरवेळी कळतोच असं नाही.

सारलेखनाची शिस्त याहून कडक. 'या लेखात काळाराम मंदिर सत्याग्रहाची माहिती दिली आहे' हे वाक्य फक्त दारावरची पाटी झालं. 'डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो नाशिकमध्ये नेटाने चालवला आणि तो सुमारे पाच वर्षं टिकला' असं लिहिलं, तर वाचकाच्या हाती काही पडतं. मूळ लेखात नसलेलं एक अक्षरही घालायचं नाही आणि स्वतःचं मत बाजूला ठेवायचं. ज्या लेखकाचं म्हणणं मला पटत नाही, त्याचा लेख मला दिला होता. त्याचं सार लिहिताना मी तीन वेळा कागद फाडला. चौथ्यांदा त्याचं म्हणणं त्याच्याच बाजूने नीट मांडता आलं.

हे सगळं परदेशातून आलेलं आहे असं समजू नका. सप्ताह जमला नाही की आजी गुरुचरित्राची अवतरणिका वाचायची, आठवतं? साऱ्या अध्यायांचं सारच ते. ज्या रामदासांनी इथे टाकळीला बारा वर्षं तप केलं, त्यांनी दासबोधाच्या पहिल्याच समासात या ग्रंथात काय आहे ते सांगून ठेवलं. आणि शंकर गणेश दाते! ग्रंथालयं पालथी घालून त्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली, मग १९३८ ते १९५० पर्यंतची. जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढणारा आजही दात्यांच्या सूचीकडे वळतो.

इतकं असूनही आपली चांगली चांगली चरित्रं आणि इतिहासाची पुस्तकं सूचीशिवाय छापली जातात. चारशे पानांच्या पुस्तकात एक नाव शोधायला पुन्हा चारशे पानं चाळावी लागतात. शाळेच्या ग्रंथालयात माझ्याकडे मुलाने येऊन विचारलं, की पुस्तक कपाटात असूनही मला "सापडत नाही" म्हणावं लागतं. लेखकाने दहा वर्षं खपून गोळा केलेलं ज्ञान शेवटच्या आठ पानांच्या आळसापायी बंद राहतं, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून एक मागणं आहे. तुमचं गावच्या आठवणींचं पुस्तक छापखान्यात जातं आहे. मजकूर पुढेमागे सरकेनासा होऊन पानांचे आकडे पक्के झाले, की शेवटची प्रुफं मला पाठवा आणि सूचीसाठी आठ पानं मोकळी ठेवायला सांगा. गावातल्या माणसांची टोपणनावं, शेतांची नावं, विहिरींची नावं, सगळी वेगळ्या कागदावर लिहून द्या. कोण कुणाला काय म्हणत असे, हे तुमच्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही.

मामींना नमस्कार.

तुमची भाची